एकोणचाळीस आणि चाळीस

आक्काच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं आहे, ही गोष्ट प्रूफकाका चार वर्षं आणि दोन महिने विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं. विसरलेल्या माणसाला निदान झोप तरी लागते. पत्र त्यांनी टेबलाच्या वरच्या खणात सगळ्यात वर ठेवलं होतं, म्हणजे खण उघडला की पहिलं तेच दिसावं आणि आपल्याला लाज वाटावी. परिणाम एवढाच झाला की काकांनी तो खण उघडायचं सोडलं. आतली कात्री, टाचण्या आणि चष्म्याचं जुनं घर या बिचाऱ्या वस्तू विनाकारण चार वर्षं कोंडल्या गेल्या.

पत्र काही मोठं नव्हतं. आक्का ही काकांची थोरली बहीण. ती बोलायला लागली की शेजारचे खिडक्या लावून घेत, पण लिहिताना मात्र तारेसारखं लिही. "धाकट्या, लग्नात भिंतीपाशी उभं करून माझा फोटो काढलास तो पाठव. आयुष्यात एकदा कुणी मला नीट उभं राहू दिलं. त्याला दाखवू नकोस. आक्का."

'त्याला' म्हणजे दादाला. दादा दोघांच्या मधला, आणि राहायला काकांपासून तीन गल्ल्या पलीकडे. आईच्या मागे तिचं पायाने चालवायचं शिलाई मशीन दादाने परस्पर कुणाला तरी देऊन टाकलं होतं. आक्काने विचारलं, "कुणाला विचारून दिलंस?" दादा म्हणाला, "मशीनला विचारून." झालं. त्या दोन शब्दांवर आजवर अकरा वर्षांचा अबोला उभा राहिला होता, आणि त्याचा पाया इतका पक्का होता की त्यावर आणखी दोन मजले सहज चढले असते.

चुलत भावाच्या मुलीच्या लग्नात दोघं आली, तीही हॉलच्या दोन टोकांना बसली. मधे काका. आक्काने काकांना सांगावं, त्याला म्हणावं पंख्याखालून ऊठ, सर्दी होईल. दादाने काकांना सांगावं, तिला म्हणावं माझ्या सर्दीचं मी बघेन. काकांनी दिवसभर हे निरोप इकडून तिकडे वाहिले. मात्र वाहताना त्यातले टोचणारे शब्द ते काढून टाकत. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या माणसाला तेवढं येतंच. दुपारी हॉलमागच्या पांढऱ्या भिंतीवर छान ऊन आलं, तेव्हा त्यांनी धीर करून आक्काला भिंतीपाशी उभं केलं आणि फोटो काढला. तो एकोणचाळिसावा. आक्का तिथून हलून झाडाखालच्या खुर्चीवर जाऊन बसते न बसते, तोच दादा आला. "तिचा काढलास ना? मग माझाही काढ," असं म्हणून तो बरोबर त्याच जागी उभा राहिला. तो चाळिसावा. जाताना तोही बजावून गेला, "तिला दाखवू नकोस." दोघांपैकी एकानेही कॅमेऱ्याकडे पाहिलं नव्हतं, पण ते काकांच्या तेव्हा लक्षात आलं नाही. ते आकडा बघत होते.

कारण आकडा हीच खरी भानगड होती.

कॅमेरा छापखान्याजवळच्या वर्तमानपत्रातल्या एका फोटोग्राफरने नोकरी सोडताना काकांना दिलेला. तळहातावर मावेल एवढा, करडा, आणि भिंगाभोवती बारीक काचमण्यांचं कडं, माशीच्या डोळ्यासारखं. त्या कड्यावर उजेड पडला की किती उजेड आत घ्यायचा ते कॅमेराच ठरवी. ना सेल, ना आकडेमोड. आयुष्यात कधी काही ठरवता न आलेल्या माणसाला याहून चांगला सोबती मिळाला नसता. उजेड कमी असला तर बघायच्या खिडकीत खालून एक लाल जीभ वर येई आणि बटणच दाबलं जात नसे. आणखी एक गुण होता. एका फोटोच्या जागेत हा दोन फोटो बसवी, शेजारी शेजारी, अर्धे अर्धे. छत्तीसचा रोल घातला की बहात्तर फोटो. काटकसरी माणसाला हे वरदान वाटेल. काकांना ते भोवलं, कारण लग्न संपलं तेव्हा चाळीस झाले होते आणि बत्तीस उरले होते, आणि त्यानंतरच्या चार वर्षांत एकही झाला नव्हता. फोटो काढण्यासारखं काही घडू लागलं की काका विचार करत, हे खरोखर काढण्यासारखं आहे का. आणि त्यांचा विचार पुरा होईपर्यंत ते घडून गेलेलं असे.

रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही, आणि फोटो आल्याशिवाय पत्राला उत्तर नाही. 'फोटो अजून कॅमेऱ्यातच आहे' असं लिहून कळवता आलं असतं. तसं त्यांनी लिहायला घेतलंही. पहिला मसुदा फार लांबला म्हणून कापला. दुसऱ्यात माफी फार झाली म्हणून ती कापली. तिसऱ्यांदा तपासताना 'प्रिय आक्का' एवढंच शिल्लक राहिलं, आणि ज्या बहिणीला आपण सहा महिने उत्तर दिलं नाही तिला 'प्रिय' म्हणणं शोभतं का, या शंकेने तेही खोडलं.

काकूंनी एकदा साधा उपाय सुचवला होता, की अर्धाच रोल धुवायला द्यावा. काका म्हणाले, "बत्तीस जागा कोऱ्या टाकायच्या? पुस्तकात बत्तीस पानं कोरी सोडतं का कुणी?"

"बहीण चार वर्षं कोरी सोडली ती चालते," काकू म्हणाल्या आणि पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. हे जास्त वाईट होतं.

आणि महिन्याच्या तीन तारखेला कार्ड आलं. "धाकट्या, चौदा तारखेला मुलाकडे निघाले, समुद्रापलीकडे, कायमची. वजनात बसेल तेवढंच नेते आहे. फोटोला वजन नसतं. हरवला असेल तर तसं लिही, मी काही म्हणणार नाही. पण लिही. आक्का."

काकांनी कार्ड दोनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती, त्यामुळे त्यांना कुठे लपायला जागा उरली नाही. टपालाला तीन दिवस, लॅबवाल्याला एक. म्हणजे नऊ तारखेपर्यंत बत्तीस फोटो. ते कॅमेरा घेऊन तडक दारात गेले, डोळ्याला लावला, आणि खिडकीत लाल जीभ वर आली. आभाळ भरून आलं होतं. चार तारखेलाही तेच.

"अगदी तुमच्या वळणावर गेलाय," काकू म्हणाल्या. "जरा अंधारून आलं की जीभ दाखवतो आणि गप्प बसतो."

पाच तारखेला ऊन पडलं आणि काका गल्लीत उतरले. आता माणसांचे फोटो काढायचे तर त्यांना उभं राहा म्हणावं लागतं, म्हणजे बोलावं लागतं. वस्तूंचं तसं नसतं. काकांनी वस्तू काढायच्या ठरवल्या. पण डोळ्याला चाळीस वर्षांची सवय. छापलेल्या पानावरच्या तीनशे बरोबर शब्दांवरून तो घसरत जाई आणि एका चुकलेल्या शब्दावर ठेच लागल्यासारखा थांबे. गल्लीतही तेच झालं. इमारतीचा अख्खा जिना सोडून तो तिसऱ्या पायरीच्या फुटलेल्या कोपऱ्यावर थांबला. मग गटारापासून हातभर वरच संपलेल्या सांडपाण्याच्या नळावर. मग कलंडलेल्या दिव्याच्या खांबावर. मग शिंप्याच्या बाकावर, जो अर्धा दुकानात आणि अर्धा फुटपाथवर होता. मग इस्त्रीवाल्या बाईंच्या छपरावर, जे पुढे येता येता शिंप्याच्या पाटीतली पहिली दोन अक्षरं गिळून बसलं होतं. काका प्रत्येकापुढे उभे राहत, मान तिरकी करत, खटकन बटण दाबत आणि आकडा बघत. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

शिंप्याने विचारलं, कसले फोटो काढताय काका. खरं उत्तर द्यायचं तर मशीनपासून सुरुवात करावी लागली असती, आणि शिंप्यासमोर मशीनचा विषय काढणं काकांना बरं वाटेना. ते एवढंच म्हणाले, "चौदा तारखेच्या आत पोचवायचेत." आणि लाजून पुढे गेले.

शिंप्याने सुई ठेवली. चोराच्या मनात चांदणं असतंच, आणि त्या गल्लीत तर घरटी एकेक पौर्णिमा होती. कॅमेरा घेऊन फिरणारा, कुणाशी न बोलणारा, फक्त बिघडलेल्या जागा टिपणारा आणि चौदा तारखेच्या आत कुठेतरी पोचवणारा माणूस म्हणजे काय, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना समजलं. प्रूफकाकांनी वर कुठेतरी तक्रार करायचं मनावर घेतलं. आजवर हा माणूस गप्प होता तो उगीच नाही, मोजत होता.

सहा तारखेला काका खाली उतरले तर शिंप्याचा बाक पूर्णपणे आत. पायरीवर ओलं सिमेंट, त्यावर पाय देऊ नये म्हणून उलटी बादली. खांबाला दोरखंड बांधून तीन माणसं तो सरळ करत होती आणि इमारतीचे सेक्रेटरी, अंगात कोट घालून, जरा डावीकडे, जरा उजवीकडे असं सांगत होते. काका थक्क झाले. चाळीस वर्षांत त्यांनी लाखो खुणा केल्या असतील, पण एकही चूक लेखकाशी भांडल्यावाचून दुरुस्त झालेली त्यांना आठवत नव्हती. मात्र यात एक अडचण होती. सगळंच दुरुस्त होऊ लागलं तर त्यांच्या डोळ्याला थांबायला जागा उरेना. त्या दिवशी जेमतेम चार फोटो झाले. एकूण पन्नास. काकांनी उरलेले दिवस बोटांवर मोजले, आणि पुन्हा मोजले.

पण सात तारखेला त्यांना कुठे जावंच लागलं नाही. सकाळीच सेक्रेटरी आले. बसले नाहीत, चहा नको म्हणाले, आणि मग दोन कप चहा घेऊन मुद्द्यावर आले.

"काका, फुटलेल्या पायरीचा फोटो तुमच्याकडे आहे. माझं काही म्हणणं नाही. पण आज ती नीट आहे. तिचाही काढा. दोन्ही बाजू गेल्या पाहिजेत."

"काढतो की," काका म्हणाले. त्यांना नाही म्हणणं कधी जमलंच नव्हतं, आणि इथे तर माणूस स्वतःहून फोटो द्यायला आलेला.

"पायरीबरोबर मी उभा राहिलो तर चालेल?"

चाललं. मग शिंपी आला, बाकाच्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट दाखवत उभा राहिला. त्याला निघताना आठवलं की बाईंच्या छपराचंही काही होणं आवश्यक आहे, म्हणून त्याने त्या दिशेला बोट करून आणखी एक काढून घेतला. ते ऐकून इस्त्रीवाल्या बाई आल्या. त्यांनी छपराचं नाव न काढता शिंप्याच्या दुकानाकडे बोट रोखलं आणि म्हणाल्या, आता दाबा. गल्लीतल्या न्हाव्याने दुकानातला गळका नळ बंद करून दाखवला आणि बंद नळाचा फोटो घ्यायला लावला. तो फोटोत गळतोय की नाही हे कळणार नाही असं काका चाचरत म्हणाले, तेव्हा त्याने नळाखाली कोरडं भांडं धरलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतली माणसं आली. चार वर्षं ज्या रोलमधली एक जागा भरत नव्हती, त्यात आता माणसं रांगेने घुसत होती. साठ, चौसष्ट, अडुसष्ट. सत्तरीला काकांनी कॅमेरा पोटाशी धरला आणि रोल संपला म्हणून सांगितलं. हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं खोटं असावं, कारण ते बोलताना त्यांनी दोनदा आकड्याकडे पाहिलं आणि कुणाचा विश्वास बसला नाही.

दोन उरले होते. काकू चहाला बोलवायला दारात आल्या. दारावर ऊन होतं. लग्नातल्या चाळीस फोटोंमध्ये काकू एकातही नव्हत्या, कारण दिवसभर कॅमेऱ्याचं घर आणि काकांची छत्री सांभाळत त्या त्यांच्या मागे उभ्या होत्या. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. जीभ आली नाही.

"माझा कशाला?" काकू म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. मग कॅमेरा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, "तुम्ही तरी कुठे आहात कशात," म्हणत काकांना उन्हात ओढलं, आणि काकांनी डोळे मिटल्याबरोबर नेमकं बटण दाबलं. बहात्तर.

नऊ तारखेला रोल लॅबमध्ये गेला. दहाला काका आणायला गेले, तर सेक्रेटरी, शिंपी, बाई आणि न्हावी आधीच तिथे होते. पांढरे हातमोजे घातलेल्या लॅबवाल्याने पाकीट पुढे केलं आणि जरा ओशाळून म्हणाला, "काका, आमच्या मशीनला तुमचा कॅमेरा कळला नाही. त्याला वाटलं छत्तीसच आहेत. दोन-दोन जोडून आलेत."

खरंच तसं झालं होतं. एका कागदावर दोन फोटो, डावीकडे एक, उजवीकडे एक. न्हावी भांडं धरून हसतोय आणि शेजारी दुसऱ्या गल्लीतलं गटार धो-धो त्याच भांड्याच्या दिशेने वाहतंय. शिंपी आणि बाई एकाच फोटोत, एकमेकांकडे बोट रोखून, इतके जुळलेले की जणू तालमीनंतर उभे राहिलेत. ते पाहून बाई आधी रागावल्या, मग त्यांना हसू आवरेना, आणि शिंप्याने तो फोटो दुकानात लावायचं ठरवलं. बाकाच्या मोकळ्या जागेकडे केलेलं शिंप्याचं बोट सेक्रेटरींच्या फोटोत थेट त्यांच्या कोटावर रोखलं गेलं होतं. त्यांनी तो कोटाच्या खिशात घातला आणि चौकशी केली की हे सगळं आता नेमकं कुणाकडे जाणार आहे.

"माझ्या बहिणीकडे," काका म्हणाले.

सेक्रेटरींनी कोटाची बटणं लावली. मग घरी जाऊन दादाला फोन लावला आणि सांगितलं, की तुमच्या भावाकडे एकदा येऊन जा. वय झालंय, काही म्हणणं नाही, पण येऊन जा.

काका घरी आले आणि त्यांनी टेबलावर फोटो मांडले. विसावा कागद मांडल्यावर थांबले. एकोणचाळीस आणि चाळीस. तीच पांढरी भिंत, तेच ऊन. आक्का डावीकडे, दादा उजवीकडे. हॉलच्या दारातून दादा येतो की काय हे बघायला आक्काने मान उजवीकडे वळवलेली. झाडाखालून आक्का बघते की काय हे बघायला दादाने डावीकडे. दोघं एकमेकांकडे टक लावून बघत होती. दोघांच्या कपाळावर एकच आठी, आईची. त्यातून रोल पुढे ओढणारा कॅमेऱ्याचा दात नेमका त्याच ठिकाणी घसरला होता. दोन फोटोंमध्ये असते ती काळी रेघ इथे पडलीच नव्हती. एक फोटो दुसऱ्यावर जरासा चढला होता आणि आक्काचं कोपर थेट दादाच्या बरगडीत गेलं होतं.

सुटे छापून मिळतील का, हे काका लॅबवाल्याला विचारून आले होते. त्यासाठी रोल बाहेर पाठवावा लागणार होता, दहा दिवस. तोपर्यंत आक्का समुद्रापलीकडे. 'त्याला दाखवू नकोस' म्हणणाऱ्या बहिणीला तोच शेजारी उभा करून पाठवायचा? की हरवला म्हणून लिहायचं? तिने वाट करून ठेवलीच होती. मग चार वर्षांनी काकांनी टेबलाचा वरचा खण उघडला आणि कात्री काढली.

दादा आला तो याच वेळी.

"काय रे धाकट्या, या वयात गल्लीची पाहणी करतोस म्हणे?" असं म्हणत तो आत आला आणि त्याची नजर टेबलावर पडली. तो खाली वाकला. चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

"हा कधी काढलास?"

"काढला नाही. दोन वेगळे काढले होते. हा झाला."

"मी तिच्याजवळ उभा नव्हतो."

"नव्हतास."

"मग तिचं कोपर माझ्या बरगडीत कसं?"

काकांनी दात घसरल्याचं सांगितलं. दादाने नकळत आपली उजवी बरगडी चाचपली. लहानपणी एका सतरंजीवर झोपताना ती असंच खुपसायची, असं काहीसं तो पुटपुटला. मग त्याला कात्री दिसली.

"काय करणार आहेस?"

"तिचा तिला पाठवायचाय. चौदाला ती कायमची जाते आहे. तुला दाखवायचा नव्हता." काकांनी कात्रीची धार फोटोतल्या भिंतीवर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. "सरळ कापता येत नाही. एक तर तिचा हात जाणार, नाही तर तुझा खांदा."

'कायमची' हा शब्द दादाने ऐकला की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तो म्हणाला, "माझा खांदा काप."

काकांनी कात्री उजवीकडे सरकवली.

"थांब. तसं कापलंस तर कोपर कुठे लागलंय ते कळणार नाही. नुसतं हवेत दिसेल. तिने मारलंय हे दिसलं पाहिजे."

"ते दिसायचं तर तुझी बरगडी ठेवावी लागेल."

"ठेव."

"बरगडी ठेवायची तर खांदा येणार."

"येऊ दे."

"खांद्याला मान लागून आहे."

"मग मान कापायला कुणी सांगितलीय?"

"दादा, मग कापायचं काय?"

दादाने पुन्हा एकदा फोटो पाहिला. स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "भाऊजी, भांडलेली माणसं एकमेकांकडे इतकं बघत नाहीत हो." दादाने तिकडे मान वळवली नाही.

"ठेव ती कात्री खणात," तो म्हणाला. "आणि पत्र लिही."

चार वर्षं न सुटलेलं पत्र काकांनी दादाच्या देखत चार ओळींत लिहिलं. "प्रिय आक्का, फोटो पाठवतो आहे. उशीर झाला तो माझ्यामुळे. शेजारी दादा आला आहे. तो आपोआप आला. हा कॅमेरा बरंच काही आपोआप करतो. त्याने फोटो पाहिला आहे. धाकटा." लिहून झाल्यावर त्यांनी सवयीने पेन उघडंच ठेवून पहिल्या शब्दापासून तपासायला घेतलं. 'प्रिय'पाशी पोचले न पोचले तोच दादाने कागद काढून घेतला, फोटोबरोबर पाकिटात घातला, आणि चिकटवायला थुंकी लावून म्हणाला, "पेटी माझ्या वाटेतच आहे, मी टाकतो."

काका त्याच्याबरोबर निघाले. दादावर विश्वास नव्हता असं नाही; पण अकरा वर्षं त्यांनी दोघांचे निरोप स्वतःच वाहिले होते, एकदम दुसऱ्याच्या हाती द्यायची सवय नव्हती. नव्या सिमेंटच्या पायरीवरून दोघं उतरले. शिंप्याच्या दुकानात मशीनचा आवाज चालू होता. दादा तिथे क्षणभर रेंगाळला आणि चालू लागला.

पेटीपाशी त्याने काकांकडे पेन मागितलं.

"मशीन देऊन किती वर्षं झाली रे?"

"अकरा."

"ती बारा म्हणत असेल," दादा म्हणाला. पाकीट उलटं करून त्याने पेटीवर टेकवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागला. हळूहळू लिहिलं. दोन ओळी असाव्यात, फार तर तीन. एकदा थांबून काहीतरी खोडलंही. काका हातभर अंतरावर उभे होते. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, लोकांच्या हातातली वर्तमानपत्रं, आजवर डोळ्यांसमोर आलेलं एकही अक्षर त्यांनी तपासल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

"घे," दादा पाकीट पुढे करत म्हणाला. "एकदा नजर टाक. चुका असतील. मला काही तुझ्यासारखं लिहिता येत नाही."

काकांनी चष्मा पुसणं चालू ठेवलं.

"असू दे," ते म्हणाले.

दादाने पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं. हात काही वेळ तसाच आत ठेवला, मग रिकामा बाहेर काढला आणि वाकून आत बघितलं.

"पडलं का?"

"पडलं."

मग दादा जायला निघाला. चार पावलं गेला आणि परत आला.

"त्याची एक प्रत मला काढून दे," तो म्हणाला. "आणि तिला सांगू नकोस."